ओल्या विटेवरचा ठसा



“पोरगं ऐकतच नाही.” “पोरगी घुमी झालीय.” “पुस्तक हातात घेतलं की ह्याच्या पोटात दुखतं.” मुलांबद्दलच्या तक्रारी बहुधा अशाच शब्दांत कानावर येतात आणि त्यावरचे उपायही ठरलेले असतात. दोन रट्टे द्यायचे, सुट्टीत मामाकडे पाठवायचे, शिकवणी लावायची, मोबाईल कपाटात कुलूपबंद करायचा. कुठे कुठे अजून अंगारा-धुपाराही चालतो. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरातही चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही. यातल्या काही उपायांनी चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. असे का होते आणि तेव्हा काय करता येते, याचा विचार करणारी ‘स्कीमा थेरपी’ नावाची एक मानसोपचार पद्धती आहे. आज तिची ओळख करून घेऊ.

नाव परके असले तरी गोष्ट ओळखीची आहे. आपल्यापैकी अनेकांनी वीटभट्टी पाहिली आहे, काहींच्या आई-बापांनी तिथे जन्म घालवला आहे. साच्यातून काढून उन्हात मांडलेल्या ओल्या विटांवरून एखादे कुत्रे पळाले, की पंजाचा ठसा उठतो. वीट भाजली की तो ठसा कायमचा. पुढे ती वीट भिंतीत जाते, वर गिलावा चढतो, रंग चढतो, पण ठसा आत असतोच. स्कीमा म्हणजे मनावरचा असा ठसा. फरक एवढाच, की मनावरचा ठसा एका दिवसाच्या एका घटनेने क्वचितच उठतो. रोज थोडा थोडा, त्याच जागी पाय पडत गेला की तो उठतो. आणि एकदा उठला, की मूल पुढचा प्रत्येक अनुभव त्याच खुणेने वाचू लागते. ‘मी ढ आहे’, ‘माझी माणसे मला सोडून जाणार’, ‘कुणावर विश्वास टाकण्यात अर्थ नाही’, ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’. मूल हे बोलून दाखवत नाही. त्याला तो आपला विचार वाटतच नाही. जगच असे आहे, असे त्याला वाटत असते.

ही पद्धती अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी उभी केली. ते आधी फिलाडेल्फियात ॲरन बेक या नामवंत मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करत होते. माणसाच्या दुःखामागचे विचार तपासावेत, पुराव्यावर घासून पाहावेत, म्हणजे दुःख हलके होते, ही बेक यांची शिकवण. तिने पुष्कळांना गुण आला. पण यंग यांना असेही रुग्ण भेटले, ज्यांच्या डोक्याला सगळे पटत होते आणि आत मात्र काही हलत नव्हते. अशा माणसांच्या बालपणात शिरल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांनी ओळखले. १९९० मध्ये त्यांचे या विषयावरचे छोटे पुस्तक आले आणि २००३ मध्ये दोन सहकारी लेखिकांसह उपचारकांसाठी सविस्तर ग्रंथ. त्यात असे १८ ठसे सांगितले आहेत. नेदरलँडमध्ये ‘बॉर्डरलाइन’ नावाच्या व्यक्तिमत्त्वाच्या गंभीर विकारावर तीन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे दुसऱ्या एका पद्धतीच्या तुलनेत या उपचाराने जास्त रुग्ण सुधारले आणि उपचार मध्येच सोडून जाणारेही कमी निघाले. तेव्हापासून या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले.

हे सगळे झाले मोठ्या माणसांसाठी, म्हणजे भाजून झालेल्या विटेसाठी. मग जर्मनीतील काही बालमानसोपचारकांनी साधा प्रश्न विचारला. ठसा बालपणात उठतो असे आपणच म्हणतो, तर तिशी-चाळिशीपर्यंत वाट कशाला पाहायची? क्रिस्टोफ लोझे, पेटर ग्राफ आणि गेरहार्ड त्सारबॉक यांचे मुले व किशोरांसाठीच्या स्कीमा थेरपीवरचे जर्मन पुस्तक २०१३ मध्ये निघाले आणि २०२० मध्ये त्या कामाचा इंग्रजी ग्रंथही आला. या मंडळींनी मोठ्यांची पद्धत जशीच्या तशी लहान करून मुलांना घातली नाही, हे मला त्यांच्या कामातले मोल वाटते. बापाचा सदरा कापून मुलाला शिवला तर तो अंगात जातो, पण बसत नाही.

या पद्धतीचा पाया फार सोपा आहे. प्रत्येक मुलाच्या मनाला पाच गोष्टी लागतात, असे यंग सांगतात. पहिली, आपले कुणीतरी आहे आणि ते उद्याही असणार आहे, ही खात्री. दुसरी, आपल्या हाताने काही जमते, आपण ‘कुणीतरी’ आहोत, ही जाणीव. तिसरी, दुखले तर दुखले असे म्हणायची मोकळीक. चौथी, खेळ आणि हसणे. आणि पाचवी, योग्य ठिकाणी ‘नाही’ ऐकायला मिळणे. यातली एखादी गोष्ट वर्षानुवर्षे कमी पडली, आणि मुलाचा स्वभावही तसा हळवा किंवा तापट असला, की ठसा उठायला सुरुवात होते. स्वभावाचा भाग विसरू नये. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला तेच शब्द लागतात आणि दुसऱ्याच्या कानावरून वाऱ्यासारखे जातात.

ठसा एकच असला तरी मुले त्याच्याशी वागतात तीन प्रकारे. ‘मी ढ आहे’ हा ठसा असलेली तीन मुले डोळ्यांसमोर आणा. पहिले मूल ते मान्य करून टाकते. मागच्या बाकावर बसते, प्रश्न विचारला की उभे राहून खाली बघते. दुसरे त्यापासून पळते. परीक्षेच्या दिवशी त्याला खरोखर ताप भरतो, गृहपाठाची वही हरवते, दिवसभर ते मोबाईलमध्ये डोके घालून बसते. तिसरे उलटा पवित्रा घेते. वर्गात दांडगाई करते, हुशार मुलांची टिंगल करते, मास्तरांना उलट उत्तर देते. आपण पहिल्याला ‘गरीब’, दुसऱ्याला ‘आळशी’ आणि तिसऱ्याला ‘गुंड’ म्हणतो. तिघांची शिक्षाही वेगवेगळी ठरवतो. दुखणे मात्र एकच असते.

आता आपल्या घरातले एक उदाहरण घेऊ. ते कुणा एकाचे नाही, बहुतेकांना आपल्या शेजारचे वाटेल.

समजा, वडील कारखान्यात कंत्राटी कामगार. घरच्या परिस्थितीने त्यांची शाळा नववीत सुटली. मुलगा आठवीत. गणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा गुण पडले. त्याने पेपर दप्तराच्या तळाशी लपवला. वडील पाळी संपवून घरी आले, कुणीतरी पेपर दाखवला आणि ते कडाडले, “आम्ही हाडाची काडं करतोय आणि तू हे दिवे लावतोस? माझ्यासारखंच हमाली करायचीय का तुला?” मुलगा भिंतीकडे बघत गप्प उभा राहिला. वडिलांना वाटले, बघा, किती मुजोर झालाय, उत्तरसुद्धा देत नाही. हात उठला. पुढच्या चाचणीला मुलाने वडिलांची सही स्वतःच ठोकली आणि ती पकडली गेली. आता तो ‘ढ’ होता त्याचा ‘लबाड’ही झाला.

स्कीमा थेरपी करणारा उपचारक इथे दोषी कोण ते ठरवत बसत नाही. तो कागद घेऊन एक गोल काढतो. वीसपैकी सहा हा आकडा पाहिल्यावर वडिलांच्या आत काय झाले? मुलाचा पेपर त्यांना दिसलाच नाही, त्यांना दिसली स्वतःची सुटलेली नववी. अपयशाचा तो जुना ठसा दुखला, म्हणून आवाज चढला. तो चढलेला आवाज मुलाच्या ‘मी ढ आहे’ या ताज्या ठशावर पडला. मूल थिजले. थिजलेले मूल वडिलांना उर्मट दिसले. उर्मट दिसले म्हणून मार बसला. मार बसला म्हणून पुढच्या वेळी पेपर लपला. गोल पूर्ण झाला. बापाचा ठसा आणि लेकाचा ठसा एकमेकांवर आदळत राहतात आणि दोघेही एकटे पडतात. मुलांच्या स्कीमा थेरपीत आई-वडिलांना वेगळे बसवून त्यांच्या लहानपणाबद्दल विचारतात ते याचसाठी. पालकांशी काम केल्याशिवाय मुलाचा उपचार पुरा होत नाही, अशी या मंडळींची भूमिका आहे. मोठ्या माणसाने आपल्या बालपणाशी भांडण मिटवावे ते पंधरा-वीस वर्षांनी. मुलाच्या बाबतीत मात्र ते बालपण अजून चालू आहे, आणि ते घडवणारी माणसे बाहेरच्या बाकावर येऊन बसलेली आहेत. केवढी सोय आहे ही!

इथे आपल्या घरांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. शिक्षणाने आपल्याला माणूस म्हणून उभे केले. मुलांनी शिकावे ही आपल्या आई-बापांची तळमळ आहे आणि ती कुणी कमी करा असे म्हणू नये. पण या पद्धतीत मनातल्या दोन आवाजांना नावे दिली आहेत. एक दंड देणारा पालक, जो म्हणतो ‘तू वाईट आहेस’. दुसरा तगादा लावणारा पालक, जो म्हणतो ‘अजून पाहिजे, हे पुरेसे नाही’. मूल घरात जे रोज ऐकते तेच पुढे स्वतःला ऐकवू लागते. ऐंशी टक्के मिळवूनही रात्री रडणारी मुले आपण पाहतो ती अशी. ‘अभ्यास कर’ ही मागणी आहे. ‘नाही केलास तर तू आमच्या कष्टांची माती केलीस’ ही फिर्याद आहे. मागणी पेलता येते. फिर्यादीत आरोपी म्हणून उभ्या राहिलेल्या मुलाला त्रैराशिक समजत नाही, कारण त्याचे अर्धे मन स्वतःच्या बचावात गुंतलेले असते.

मग त्या वडिलांनी काय करावे? दारात चप्पल काढतानाच पेपर हातात घेऊ नये, ही पहिली गोष्ट. दमलेल्या माणसाच्या आत ठसा लवकर दुखतो. हात-पाय धुवावेत, जेवण व्हावे, मग जवळ बसवून म्हणावे, “सहा पडलेत. पेपर बघून तुला काय वाटलं?” आणि थांबावे. हे थांबणे फार अवघड आहे. मूल पहिल्यांदा काहीच बोलणार नाही, कारण त्याचा विश्वास बसणार नाही. “मलाही गणिताची भीती वाटायची,” एवढे खरे सांगितले तरी मुलाचे डोके वर येते. आणि लपवाछपवीचे काय? तिला मुभा नाही. यापुढे प्रत्येक पेपर, बरा असो की वाईट, त्याच दिवशी दाखवायचा, हा नियम. कमी गुणांसाठी मार नाही. लपवले तर दोन दिवस मोबाईल नाही. मर्यादा हवीच, पण कशासाठी हे मुलाला आधी माहीत असावे आणि ती आपल्या रागावर अवलंबून नसावी.

हे मुद्दाम सांगतो, कारण मानसोपचार म्हटले की ‘म्हणजे पोरांचे लाड करायचे’ असा समज होतो. पाचव्या गरजेचा उल्लेख वर केला आहेच. ज्या मुलाला कधीच ‘नाही’ ऐकावे लागले नाही, त्याच्याही मनावर ठसा उठतो. ‘मला नियम लागू नाहीत’ किंवा ‘मला थांबणे जमतच नाही’ असा. आई दिवसभर कामावर आणि आजीच्या जिवाला नातवाचे रडणे सोसवत नाही, म्हणून मागेल ते हातात, असे पुष्कळ घरांत होते. आजी वाईट नसते. पण ते पोर पुढे मैदानात आऊट झाल्यावर बॅट घेऊन घरी निघून येते, आणि मग त्याला कुणी खेळायला घेत नाही.

आता प्रत्यक्ष उपचार कसा चालतो ते पाहू. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘तुझ्या मनात काय आहे’ विचारले तर तो म्हणणार, ‘काही नाही’. म्हणून उपचारक बोटांवर किंवा हातात घालायच्या बाहुल्या काढतात. एक बाहुली रागावलेल्या मुलाची, एक रडवेल्या मुलाची, एक कुणालाच जवळ येऊ न देणाऱ्या पहारेकऱ्याची, एक सतत बोटे मोडणाऱ्या मोठ्या माणसाची, एक हसऱ्या, खेळकर मुलाची. मनाच्या या घटकाघटकाला बदलणाऱ्या रूपांना या पद्धतीत ‘मोड’ म्हणतात. मुलाने सांगायचे, काल वर्गात मारामारी झाली तेव्हा यातला कोण पुढे आला होता? रागावलेला पुढे होता, तर रडवेला कुठे होता? बहुतेक वेळा तो पहारेकऱ्याच्या मागे लपलेला सापडतो. मग आणखी एक बाहुली येते, शहाण्या, समंजस मुलाची. तो या सगळ्यांचे ऐकून घेतो, रडव्याला जवळ घेतो, रागावलेल्याला म्हणतो, ‘तुला राग आला ते बरोबर, पण दगड खाली ठेव.’ हा शहाणा भाग मुलात असतोच. त्याला बोलायला शिकवणे, हे उपचाराचे मुख्य काम.

बोटे मोडणाऱ्या बाहुलीचे मात्र वेगळे. तिला समजावत बसत नाहीत, तिला दाराबाहेर काढतात. आपल्या मनातल्या शिव्या देणाऱ्या आवाजाला बाहेर काढता येते, हे पाहूनच काही मुलांचा चेहरा खुलतो.

चित्रे काढणे, गोष्टी रचणे, दोन खुर्च्या समोरासमोर मांडून आळीपाळीने बसणे, अशाही रीती आहेत. स्वतः उपचारक त्या खोलीपुरता, त्या तासापुरता मुलाला हवा असलेला प्रेमळ आणि ठाम मोठा माणूस होतो. तो आई-बापांची जागा घेत नाही, पण मोठी माणसे अशीही असतात, याचा नमुना मुलापुढे ठेवतो. मुलांचे ठसे ओळखायची साधनेही मुलांना जमतील अशी केली आहेत. नेदरलँडमध्ये २०१० मध्ये आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात १८ ऐवजी ११ ठसे वेगळे ओळखू आले, म्हणजे लहान वयात हे चित्र पुरते रंगलेले नसते. २०१८ मध्ये जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फच्या संशोधकांनी तर चित्रांचीच प्रश्नावली प्रसिद्ध केली. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलालाही चित्र पाहून ‘हे माझ्यासारखे आहे’ म्हणता येते.

इथवर दंगा करणाऱ्या मुलांबद्दल बोललो, कारण त्यांच्याकडे लक्ष जातेच. मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या ‘शहाण्या’ मुलीची. आई चार घरची कामे करायला सकाळी सहाला बाहेर पडते. थोरली लेक बारा वर्षांची. धाकट्यांना उठवते, पाणी भरते, डबा करते, मग शाळेत जाते. संध्याकाळी वस्तीतली बाई कौतुकाने म्हणते, “किती समजूतदार पोर आहे हो तुमची!” आणि ती पोर ओळखते, की आपल्याला जे प्रेम मिळते ते याच समजूतदारपणाचे मिळते. तिने कधी ‘मला कंटाळा आला’ म्हटले नाही, कधी खेळायला गेली नाही, कधी पोट दुखते असे सांगितले नाही. यंग यांच्या यादीत याला स्वतःला विसरून दुसऱ्यांसाठी झिजण्याचा ठसा म्हणतात. या मुलीला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. तिशीत तिचे डोके सतत दुखते, नवऱ्याच्या घरी ती सगळ्यांचे सोसते आणि तिला ‘नाही’ हा शब्दच येत नाही.

त्या आईला दोष देऊन काय मिळणार? कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही. पण दोन गोष्टी तिच्या हातात आहेत. एक, कामाची वाटणी मुलगा-मुलगी न बघता करणे. दहा वर्षांच्या भावाला पाणी भरता येते, त्याचे हात झिजत नाहीत. दुसरी, रोज पाच मिनिटे त्या मुलीला काम न सांगता जवळ घेणे आणि विचारणे, “आज तुझं काय झालं?” कधी ती चिडली, आदळआपट केली, तर ‘तू तर शहाणी ना’ म्हणून तिचे तोंड बंद करू नये. ती चिडली म्हणजे तिच्यातले मूल अजून शाबूत आहे.

आता एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आला असेल. सगळे ठसे घरातच उठतात का? यंग यांच्या ग्रंथात म्हटले आहे, की घरातले ठसे सर्वांत खोल असतात. शाळा, सवंगडी, समाज यांचा परिणाम मूल वाढेल तसा होत जातो आणि तो सहसा तितका खोल नसतो. न्यूयॉर्कच्या दवाखान्यात ते खरे असेल. आपल्याकडे त्याला पुस्ती जोडावी लागते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालची हकीगत लिहिली आहे. नऊ वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे घालून, आनंदाने. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना, आणि रात्रभर त्या पोरांना प्यायला पाणी मिळाले नाही. शाळेत वेगळे गोणपाट आणि शिपाई असेल तरच पाणी, हे त्यांना आधीपासून माहीत होते. तरीही या प्रवासाने मनाला जो धक्का बसला तसा आधी कधी बसला नव्हता, असे ते सांगतात. हा ठसा घराने उमटवलेला नव्हता.

आज स्टेशनवर तसे होत नाही. पण शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते, आडनाव विचारून झाल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, कॉलेजात ‘कोट्यातून आला का?’ हा प्रश्न हसत हसत येतो. यादीतला ‘माझ्यातच खोट आहे’ हा लाजेचा ठसा आणि ‘मी यांच्यातला नाही’ हा एकटेपणाचा ठसा असे उठतात. इथे उपचारकाने फार जपून राहावे लागते. ‘तू उगाच तसे समजतोस’ असे तो म्हणाला, तर मूल पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, आणि ते योग्यच होईल. झालेला अपमान हा मुलाचा भ्रम नसतो. भ्रम असतो तो पुढचा, की अपमान झाला म्हणजे माझ्यात काही कमी आहे. अपमान खरा म्हणायचा आणि कमीपणा खोटा म्हणायचा, ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. घरातही तेच. मुलगा असे काही सांगत आला, तर ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणून विषय मिटवू नये आणि ‘बघतोच त्या मास्तरला’ म्हणून लगेच उसळूही नये. आधी पुरते ऐकावे. “तुला लागलं ना? लाज त्याला वाटायला हवी, तुला नाही,” हे वाक्य मुलाच्या कानावर पडू द्यावे. शाळेत जायचे ते त्यानंतर, आणि जरूर जावे.

बाहेर असा मार बसणार आहे हे माहीत असल्याने काही वडील घरातच मुलाला ‘टणक’ करायला जातात. रडलास तर खबरदार, म्हणतात. हेतू चांगला असतो. पण ज्या मुलाला घरीही रडता येत नाही, ते टणक होत नाही. ते फक्त सांगणे बंद करते.

किशोरवयात गोष्टी थोड्या बदलतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे बाहुल्या काढल्या तर तो उठून जाईल. तिथे खुर्च्या चालतात, कागदावरची चित्रे चालतात, त्याच्या आवडीच्या सिनेमातली पात्रे चालतात. या वयाचे मूल सहसा आपणहून येत नाही, त्याला आणलेले असते. म्हणून पहिल्या काही भेटी विश्वास मिळवण्यातच जातात. त्याने सांगितलेले आई-बापांना कळवले जात नाही, याची खात्री त्याला हवी असते. जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार करत असेल तर मात्र मोठ्यांना सांगावेच लागते, आणि चांगला उपचारक हे पहिल्याच दिवशी मुलाला सांगून ठेवतो. बाहेर बसलेल्या आईने ‘काय म्हणाला हो?’ असे खोदून विचारू नये. या वयात मूल दार लावून घेते, मित्रांचे जास्त ऐकते, तुमच्या शब्दाला शब्द देते. ते सगळे दुखणे नव्हे. वेगळे होऊ पाहणे हे त्या वयाचे कामच आहे. पण महिनाभर झोप आणि भूक बिघडली, शाळा सुटली, अंगावर कापून घेतल्याच्या खुणा दिसल्या किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे शब्द आले, तर वाट पाहू नये.

मुलांवरच्या या उपचाराचे संशोधन मोठ्यांच्या मानाने अजून थोडे आहे, आणि आपल्याकडे याचे रीतसर शिक्षण घेतलेले उपचारकही थोडे आहेत. त्यामुळे ‘स्कीमा थेरपीच हवी’ असा हट्ट धरून फिरू नये. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील डॉक्टर किंवा समुपदेशक मुलाला तपासून कोणता उपचार लागेल ते सांगतील. अभ्यास न जमण्यामागे अध्ययन अक्षमता, कमी ऐकू येणे किंवा चष्म्याचा नंबर असेही कारण असू शकते, ते आधी पाहून घ्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते. मूल संकटात असेल तर १०९८.

पहिल्या भेटीला जाताना मुलाला ‘तुझ्या डोक्याचा इलाज करायला नेतोय’ असे सांगू नका. “घरात आपलं सगळ्यांचंच जरा बिनसलंय, ते नीट करायला चाललोय,” असे सांगा, कारण खरे तेच आहे. जमल्यास आई-वडील दोघांनी जावे. एकाने तरी त्या दिवशी अर्धी पाळी सोडावी. तिथे मुलासमोर त्याच्या चुकांचा पाढा वाचू नका, एका कागदावर लिहून न्या आणि त्याच कागदावर त्याला काय चांगले येते त्याच्याही चार ओळी लिहा. त्या चार ओळी लिहायला पहिल्या यादीपेक्षा जास्त वेळ लागला, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांना त्यातून बरेच कळेल.